भिंतीवाचून तुरुंग

दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांत पोलीस अधिकाऱ्याचे काम बहुधा बेडी ठोकण्यापाशी संपते. ‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका १९९८ साली सुरू झाली आणि शिवाजी साटम यांनी रंगविलेले ए.सी.पी. प्रद्युम्न घरोघरी ओळखीचे झाले. परंतु त्यांनी धरून दिलेल्या गुन्हेगाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रेक्षकांस क्वचितच पडला असेल. गुन्हेगार सापडला, कथा आटोपली.

याहून निराळा अधिकारी ‘द वायर’ या अमेरिकन मालिकेत आढळतो. बाल्टिमोर शहराच्या एका विभागाचा प्रमुख मेजर कोल्विन निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना असे ठरवितो की, मादक द्रव्यांचा व्यापार धरपकडीने थांबत नाही, तर तो ओसाड घरांच्या वस्तीत एकवटावा आणि इतर मोहल्ल्यांनी तरी सुखाने श्वास घ्यावा. दंगेधोपे कमी होतात. पण हे सारे वरिष्ठांस न कळविता चाललेले असते. बभ्रा होताच वस्तीवर यंत्रे फिरतात आणि कोल्विनला हुद्दा उतरवून घरी बसविले जाते. मालिकेचा हा भाग २००४ साली दाखविला गेला. एकट्या माणसाने चोरून केलेली सुधारणा त्या माणसाबरोबरच जाते, हे त्यातील दुखणे होय.

सातारा-सांगलीकडील मंडळींस यापेक्षा जुना आणि खराखुरा दाखला घराजवळच सापडेल. त्यातील अधिकारी पोलिसांतला नसून तुरुंगाकडचा आहे, एवढाच फरक.

आटपाडी हे आज सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वी ते औंध संस्थानात होते. राजधानी औंध मात्र सातारा जिल्ह्यात. बहात्तर गावांचे हे चिमुकले संस्थान तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते, आणि आटपाडीचा तुकडा माणदेशाच्या कोरड्या मुलखात पडला होता. पाऊस बेताचा, जमीन माळरानाची, मेंढरांचे कळप हेच वैभव. अशा रानात १९३९ साली ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. तुरुंगास हे नाव देणाराच्या धिटाईचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हे पोलंडमधील यंत्रज्ञ. बंगळुरास सरकारी कारखान्यात कामास आलेले, पुढे गांधीजींच्या विचाराने भारलेले आणि ‘भारतानंद’ या नावाने वावरलेले गृहस्थ. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी व त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांनी त्यांस हात दिला. ज्या साली औंधात राजसत्तेचा वाटा प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू झाली, त्याच साली ही वसाहतही निघाली, हा योगायोग नव्हे. गावकऱ्यांवर विश्वास टाकणाऱ्यास कैद्यांवर तो टाकणे फारसे अवघड गेले नसावे. संस्थानातील किर्लोस्करवाडीतही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांस रात्रपहाऱ्यावर नेमले होते.

या गोष्टीचे मोल कळण्यास तो काळ ध्यानी घ्यावयास हवा. त्या वेळी १८७१ पासून चालत आलेल्या कायद्यान्वये अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार गणल्या जात, आणि सोलापुरास अशा लोकांसाठी काटेरी तारांच्या कुंपणात वसाहत होती. तारांच्या आत दोष नसलेली माणसे, आणि आटपाडीच्या माळावर कुंपणाबाहेर शिक्षा झालेली माणसे! कायद्याचा तो कलंक १९५२ साली पुसला गेला.

स्वतंत्रपुरात कैद्याने शेती करावयाची व बायकामुलांसह राहावयाचे, अशी रीत आहे. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. भिंत नसता माणूस पळत का नाही, असे शहरातील माणूस विचारतो. ज्याचे घर, चूल आणि पेरलेले शेत तेथेच आहे, तो पळून कोठे जाणार? शिवाय पळाल्यास पुन्हा उंच भिंतींआड जावे लागेल, हेही तो जाणतोच. विश्वास म्हणजे भाबडेपणा नव्हे. त्यामागे असा हिशेब असतो. तसेच येथे कोणासही सरसकट धाडीत नाहीत. बंद तुरुंगात काही काळ चांगली वर्तणूक दाखविलेल्यांतून निवड होते.

या वसाहतीवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, ते स्वतः आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे. सहा खुनी कैद्यांस ओसाड रानात नेऊन माणसांत आणणारा जेलर आदिनाथ शांतारामांनीच उभा केला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला, राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. चित्रपट उत्तम, यात शंका नाही. परंतु त्यात सारा भार एका पुरुषाच्या दोन डोळ्यांवर टाकला आहे. कैदी पळू पाहतात आणि ते डोळे आठवून परततात. शेवटी जेलर प्राणास मुकतो. नाट्यास हे शोभते. प्रत्यक्षात मात्र वसाहत अशा एकाच डोळ्यांच्या जोडीवर चालती, तर पहिल्याच बदलीच्या हुकुमासरशी मोडली असती.

ती मोडली नाही. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. राजा गेला, फ्रीडमन अन्य कार्यांत गुंतले आणि पुढे १९७६ साली मुंबईत निवर्तले. तरी वसाहत सरकारी दप्तरात शिरली आणि महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे चालत आली. कोल्विनला जे लपवावे लागले, ते येथे प्रथमपासून राज्याच्या संमतीने उघडपणे चालले होते. अधिकारी येतात, जातात, नियम राहतो. खेद एवढाच की, इतक्या वर्षांनंतरही स्वतंत्रपुरात सोय आहे ती जेमतेम तिशीच्या आतल्या कैद्यांची, आणि राज्याच्या भिंतींआडच्या तुरुंगांत मात्र मूळ सोयीहून अधिक माणसे दाटीवाटीने निजतात.