समांतर परिवर्तकांतील भारविभागणी

दूरध्वनी केंद्रे, संगणक केंद्रे इत्यादी ठिकाणी एकदिश विजेचा पुरवठा एकाच मोठ्या परिवर्तकावर न सोपविता अनेक लहान परिवर्तक समांतर जोडून करण्याची पद्धत आहे. एखादा बंद पडला तरी उरलेल्यांनी भार वाहावा, हा त्यामागील हेतू होय. तो सफल होण्यासाठी प्रत्येकाने आपल्या वाट्याचाच प्रवाह दिला पाहिजे. परंतु हे आपोआप घडत नाही.

उदाहरणादाखल १२ व्होल्टचे दोन परिवर्तक घेऊ. भार नसताना एकाचा विद्युत्दाब १२.०६ व दुसऱ्याचा ११.९४ व्होल्ट आहे. म्हणजे प्रत्येकाची चूक अवघी अर्धा टक्का. प्रत्येकाचा अंतर्गत रोध तारेसह १० मिलिओहम व एकूण भार २० अँपिअर मानू. दोहोंची टोके एकत्र जोडलेली असल्याने प्रवाहांतील अंतर ०.१२ भागिले ०.०१, म्हणजे १२ अँपिअर येते. पहिला १६ अँपिअर देतो, तर दुसरा केवळ ४. पहिला अधिक तापतो. आणि तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास विद्युत्-अपघटनी धारित्रांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. अशा रीतीने सुरक्षिततेसाठी केलेली जोडणीच एकाच्या अकाली नाशास कारण होते.

आता रोध ४० मिलिओहम केल्यास अंतर ३ अँपिअरवर येते, प्रवाह ११.५ व ८.५ होतात. मात्र भाराखाली दाबातील घट सरासरी ०.१ व्होल्टऐवजी ०.४ व्होल्ट होते. हा रोध प्रत्यक्ष बसविल्यास वीज वाया जाईल. म्हणून नियंत्रक मंडलच प्रवाहाच्या प्रमाणात दाब उतरविते. वीजकेंद्रांतील समांतर जनित्रेही भाराबरोबर वेग किंचित उतरू देऊन याच न्यायाने भार वाटून घेतात.

दाबही स्थिर हवा असेल, तर सर्व परिवर्तकांना जोडणारी एक सामाईक संकेततार वापरतात. तीवरून सरासरी प्रवाह जाणून प्रत्येक जण आपला दाब मंदगतीने सुधारतो. परंतु ही तार बिघडल्यास सर्वांचेच नियंत्रण ढळू शकते. यास्तव सुधारणेची मर्यादा काही टक्क्यांपुरतीच ठेवणे इष्ट असते.

सारांश, आपलाच दाब काटेकोरपणे राखू पाहणारे परिवर्तक एकत्र नांदत नाहीत. थोडे नमते घेण्याची व्यवस्था त्यांच्या रचनेतच करावी लागते.