नऊ किलोंचा आवाज

"बाबा, मला ट्यूबचा अँप हवाय," आमच्या धाकटीने एका रात्री जेवता जेवता जाहीर केले आणि घरातल्या तीन माणसांनी त्याचे तीन अर्थ लावले. सौ.ला वाटले, तिच्या टेबलावरची ट्यूब गेली. मला सायकलची ट्यूब आठवली. माझी आई, वय वर्षे शहाऐंशी, ताटावरची मान वर न करता म्हणाली, "म्हणजे व्हॉल्व्हचा. आपल्या रेडिओत होते तसले."

बरोबर उत्तर तिचेच निघाले. अमेरिकन लोक ज्याला ट्यूब म्हणतात, त्यालाच आपण आणि इंग्रज व्हॉल्व्ह म्हणत आलो. धाकटी कॉलेजात विजेची गिटार वाजवते. विजेच्या गिटारीला पोट नसते. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तारेचे कंपन लोहचुंबकाच्या वेटोळ्यात शिरून विजेचा बारीक प्रवाह होते आणि तो मोठा करण्याचे काम अँप्लिफायरचे. म्हणजे अँप हा गिटारीचा दागिना नव्हे, तो तिचा गळाच आहे. ही सारी उठाठेव सुरू झाली ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारीपासून, १९३०च्या सुमारास. हवाइयन आणि विजेच्या गिटारीवर हिंदी सिनेमाची गाणी वाजवणारे व्हॅन शिप्ले माझ्या पिढीच्या घरांत रेकॉर्डवरून येऊन गेलेले आहेत.

"पण व्हॉल्व्ह कशाला? ते तर कधीच गेले ना?" मी विचारले. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टर निघाला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्याने रेडिओतले व्हॉल्व्ह हुसकून लावले. हलका, थंड, स्वस्त, न फुटणारा! त्याच्यापुढे काचेच्या तापट नळीचा काय निभाव लागणार? पण गिटारवाले हटले नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीबाहेरचा भार टाकला, तर तो आवाजाचे शेंडे कात्रीने छाटल्यासारखे छाटत नाही, हळूहळू गोलवतो. त्यामुळे स्वर थोडा फाटतो, पण गोड फाटतो. तार सप्तकात चढलेल्या गवयाच्या गळ्यात किंचित खरखर येते आणि तिथेच आपण मान डोलावतो, तशातला हा प्रकार. यंत्राचा दोष होता, त्याची पुढे आवड झाली.

इथवर सगळे ठीक होते. यानंतरचा भाग सांगायला मला अजून शरम वाटते.

गणपतीत माझा मेहुणा अमेरिकेहून आला, तो भाचीसाठी एक छोटासा व्हॉल्व्हचा अँप सामानात घालून घेऊन आला. पोरगी आनंदाने वेडी झाली. ती कॉलेजातून यायच्या आत आपण सगळे जोडून ठेवावे, अशी मला हौस आली. त्याच्या वायरीला चपट्या पिना होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी पिना बदलायचे अॅडॉप्टर आणले, घातले आणि बटण दाबले. आत क्षणभर फार सुंदर उजेड पडला. मग 'फट्' असा आवाज आला आणि जळक्या वार्निशाचा वास घरभर पसरला.

धाकटी आली. तिने पेटीच्या पाठीवरचा आकडा मला बोट लावून दाखवला: १२० व्होल्ट. मग ती काही न बोलता आत गेली. रागावली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी मी ती पेटी घेऊन लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथे एका जिन्याखाली जुन्या रेडिओंचे एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांनी झाकण उघडले, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"पिना बदलल्यात साहेब. व्होल्टेज कोण बदलणार?"

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. आतला ट्रान्स्फॉर्मर जळालाच होता, शिवाय त्याने दुप्पट दाब पुढे ढकलून आणखी दोन-चार जणांना बरोबर नेले होते. तसा ट्रान्स्फॉर्मर इथे मिळेना आणि व्होल्टेज उतरवायचे यंत्र घरात ठेवायचे म्हटले, तर तेच उचलायला दुसरा माणूस लागणार. मिस्त्रींनी आतला एक व्हॉल्व्ह मात्र बोटांत धरून उजेडाकडे केला. "ईएल-८४. आपल्या रेडिओत हाच असायचा. तुमच्याकडे जुना सेट आहे का?"

होता. वडिलांचा. ट्रान्झिस्टर आल्यावर मीच तो भंगारवाल्याला दिला होता. मी नुसती मान हलवली.

आता नवा अँप घेऊन देणे मला भागच होते. अपराधी बापाचे बजेट वीस हजार. अपराधी माणूस नेहमी मोठी वस्तू घ्यायला निघतो, तसा मीही निघालो. पाहुणे येतील म्हणून आपण पाच लिटरचा कुकर घेतो ना, तोच हिशेब. "घ्यायचाच तर पन्नास वॅटचा घेऊ," मी म्हणालो. धाकटीने मला वांद्र्याला नेले. तिथे सिनेमाच्या वाद्यवृंदात उभा जन्म घालवलेले एक गोवेकर वादक आपले जुने सामान विकत होते.

त्यांनी मला समोर बसवले आणि पन्नास वॅटचा अँप लावला. कळ एकावर. आवाज स्वच्छ, पण निर्जीव. "वाढवा की," मी म्हणालो. त्यांनी कळ तीनवर नेली मात्र, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी पाय आपटले. मग त्यांनी शेजारचा पाच वॅटचा डबा लावला आणि कळ सातवर नेली. आता तोच सूर भरदार, किंचित फाटलेला, बोटाच्या जोराला ओ देणारा.

"हा झोपलेला हत्ती," मोठ्याकडे बोट करून ते म्हणाले, "आणि हा धावणारा घोडा. घरात कोण पाहिजे?"

वॅटचे गणितही त्यांनीच समजावले. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा, तर वॅट दसपट लागतात. म्हणजे पन्नास वॅटचा अँप पाच वॅटच्या दसपट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठा! एरिक क्लॅप्टनने १९७० साली 'लैला'च्या ध्वनिमुद्रणात फेंडर कंपनीचा 'चँप' वापरला. तोही पाच वॅटच्या आसपासचाच. मोठ्या सभागृहात छोट्या अँपपुढे मायक्रोफोन ठेवला की काम भागते.

आणि वजन! व्हॉल्व्हला मोठाले ट्रान्स्फॉर्मर लागतात, म्हणजे नुसते लोखंड नि तांबे. फेंडरचाच ८५ वॅटचा 'ट्विन रिव्हर्ब' २९ किलोंच्या घरात जातो आणि १५ वॅटचा 'ब्लूज ज्युनिअर' १४ किलोंच्या. आम्ही गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. धाकटीच्या मंडळींची तालीम अंधेरीला. चर्नी रोडचा जिना चढून, लेडीज डब्यात, एका हातात गिटार धरून दुसऱ्या हाताने जे उचलता येईल, तेच तिच्या कामाचे. हा डबा नऊ किलोंचा होता.

जळलेल्या पेटीने मला शहाणे केले होते. या खेपेला मी आधी पाठीवरचा आकडा वाचला: २२० ते २४०. मग मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे अँप चालू असताना एकेका व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली. जो घंटेसारखा वाजेल, तो म्हातारा झाला म्हणून समजावे. गिटार न लावता घूं घूं किती येते, ते ऐकले. स्पीकरची वायर पक्की आहे ना, ते पाहिले. कारण स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप चालवला, तर आतला दुसरा ट्रान्स्फॉर्मर मरू शकतो. आतले व्हॉल्व्ह साधे, आजही नवे मिळणारे आहेत ना, हे विचारले. आता ते येतात मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून. आत बोट मात्र घातले नाही आणि तुम्हीही घालू नका. तिथे तीनतीनशे व्होल्ट खेळतात आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ दबा धरून बसतात.

बावीस हजार सांगितले होते, एकोणिसावर जमले. उरलेल्या हजारात टॅक्सी करू म्हटले, तर धाकटी म्हणाली, "नको. मला ट्रेनने नेऊन बघायचंय." आणि नेला. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने मला हात लावू दिला नाही. माझ्यावरचा विश्वास अजून पुरता परतला नव्हता, हेही त्याचे एक कारण असावे.

रात्री तिने अँप सुरू केला. काहीच वाजेना. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा तेच की काय? मी उठून बटणाकडे हात नेला.

"हात काढ तिथला," खाटेवरून आई म्हणाली. "तापू दे आधी. तुझे वडील बटण दाबून चहा ठेवायला जायचे. चहाला आधण आलं की बातम्या लागायच्या."

आम्ही थांबलो. जाळीमागे एक नारिंगी ठिपका हळूहळू उजळत गेला. अर्ध्या मिनिटाने पेटीतून एक बारीक गुणगुण आली आणि आई भिंतीला टेकून नीट बसली. धाकटीने पहिली तार छेडली.

"आवाज थोडा कमी कर गं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "बंद नको करूस."