'बोअर करायचंय' म्हणजे नेमकं काय करायचंय?

गटाच्या कर्जाच्या अर्जात हल्ली एक कारण वारंवार दिसतं, 'मोटारसायकलचं इंजिन'. अर्ज आईचा, गाडी मुलाची. खोलात विचारलं की कळतं, एकीच्या मुलाला झिजलेलं इंजिन दुरुस्त करायचंय आणि दुसरीच्या मुलाला चांगलं चालणारं इंजिन 'मोठं' करायचंय. गावात दोन्ही कामांना शब्द एकच, 'बोअर करणं'. म्हणून आज त्यावरच बोलू.

दवाखान्यातली इंजेक्शनची सिरिंज डोळ्यांपुढे आणा. ५ सीसीची, १० सीसीची. दांडा मागे ओढला की आत जेवढं औषध मावतं, तेवढे तिचे सीसी. इंजिनात नळीच्या जागी सिलिंडर आणि दांड्याच्या जागी पिस्टन. पिस्टन वरून खाली येताना जेवढी जागा मोकळी करतो, तेवढे इंजिनचे सीसी. आपल्याकडे घरोघरी असलेली जुनी स्प्लेंडर घ्या. तिच्या सिलिंडरची रुंदी, म्हणजे बोअर, ५० मिलिमीटर. पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. हिशोब केला की येतात ९७.२ सीसी. चहाचा लहान कप भरेल, एवढंच. तेवढ्यावर दोन माणसं आणि दुधाचे कॅन चढ चढतात!

आता दुरुस्ती. वर्षानुवर्षं घासून सिलिंडर आतून झिजतो, त्याचा गोल बिघडतो. मग रिंगांच्या बाजूनं ऑइल वर येऊन जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल सारखं कमी होतं. लेथवाला सिलिंडर आतून किंचित कापून पुन्हा गोल करतो आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसतो. हे पिस्टन पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर अशा ठरलेल्या मापांत मिळतात. अर्ध्या मिलिमीटरनं ९७ चे ९९ सीसी होतात, चालवणाऱ्याला तो फरक कळतही नाही. या कामाला कर्ज द्यायला माझी हरकत नाही. दुधाची, भाजीची फेरी त्या गाडीवर असेल तर लगेच द्यावं.

दुसरं काम वेगळं. तिथे मोठ्या बोअरचा ब्लॉक-पिस्टन घालतात. समजा, ५३ मिलिमीटरचा. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण भाकरी बोटभर मोठी थापली की पीठ किती जास्त लागतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे ९७ चे १०९ सीसी होतात, साधारण १२ टक्के वाढ. पण जाड ब्लॉक बसवायला खालच्या इंजिनचं तोंडही कापावं लागतं, आणि एकदा कापलेलं पूर्ववत होत नाही. जास्त हवेला जास्त पेट्रोल हवं, म्हणून कार्बोरेटरचा जेट बदला. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर पेट्रोलचं माप इलेक्ट्रॉनिक्सच्या ताब्यात, तिथे गल्लीतला मिस्त्री अडतो. वरची जागा तीच ठेवून सिलिंडर वाढवला की दाबही वाढतो, इंजिन जास्त तापतं. कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, क्लचप्लेटा मात्र जुन्या ताकदीच्या हिशोबानं केलेल्या. मग सहा महिन्यांनी त्यांचा खर्च निघतो, आणि तो पहिल्या अर्जात कधीच लिहिलेला नसतो. ब्रेकही जुनेच राहतात, याची मला जास्त काळजी वाटते.

एवढं करून मिळतं काय? चढावर ओढ थोडी वाढते, हे खरं. वेग मात्र फारसा नाही. वाऱ्याचा अडथळा वेगापेक्षा फार झपाट्यानं वाढतो, त्यामुळे ताकद १२ टक्के वाढली तरी ८० नं पळणारी गाडी जेमतेम ८३ नं पळेल. आणि 'गाडी ओढत नाही' ही मूळ तक्रार असेल, तर आधी घसरणारा क्लच, घाण एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक आणि टायरमधली हवा बघायला सांगा. पुष्कळदा रोग तिथेच असतो.

कायद्याचं ऐका, कारण गाडी अनेकदा आपल्याच नावावर असते. आरसी बुकात सीसी लिहिलेले असतात. कंपनीनं दिलेली आणि आरसीत नोंदलेली माहिती जुळणार नाही, असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ते गाडीच्या मालकाला. मालक म्हणजे आरसीवर जिचं नाव आहे ती. अपघातानंतर विम्याच्या माणसाला हा बदल दिसला, तर गाडीच्या नुकसानीचा दावाही अडकू शकतो.

म्हणून अर्ज आला की मिस्त्रीकडून एक चिठ्ठी मागवा. तिच्यावर जुना बोअर, नवा पिस्टन, लेथची मजुरी आणि पॅकिंगसह सगळं सामान लिहिलेलं हवं. स्प्लेंडरच्या चिठ्ठीवर ५०.२५, ५०.५०, फार तर ५१ असेल तर ती दुरुस्ती. ५३ लिहिलं असेल, तर बैठकीला मुलालाच बोलवा आणि विचारा, ब्रेकचं काय करणार आहेस?