रेषेबाहेरचा प्रशिक्षक

सोयाबीन निघालं की रिठदच्या शिवारात मोकळ्या झालेल्या वावरात पोरं खेळायला जमतात. काही कॉलेजला जाणारी, काही मजुरीला जाणारी. खेळताना फरक कळत नाही. ‘आंतरमहाविद्यालयीन’ हा शब्द आला, की मात्र मधे रेष पडते. मी बारावीत गणितात राहिलो, त्या वर्षी माझे सोबती कॉलेजच्या संघात गेले. मी कुंपणाबाहेरून सामने पाहिले. कॉलेजचा प्रशिक्षक नेमका कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक ही बडी असामी असते. तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. पण कित्येक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सार्वजनिक कर्मचारी हाच प्रशिक्षक असतो. त्याची कारकीर्द जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांनी मोजतात. आपल्याकडे हे काम बहुधा शारीरिक शिक्षण संचालकाकडे असतं. एकच माणूस कबड्डी, व्हॉलीबॉल, फुटबॉल, सगळे संघ बांधतो. प्रवेश घेतलेला विद्यार्थीच त्याचा खेळाडू. पदवी झाली की संघ विखुरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा.

अशाच नोकरीत विजय बारसे होते. १८८३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ते क्रीडाशिक्षक. २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. मैदानावर असेपर्यंत ही मुलं वाईट नादापासून दूर राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभं राहिलं. पुढे ते ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखलं गेलं. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पैसाही त्यांनी त्यात घातला.

या मुलांना पुढची पायरी मिळाली ती ‘होमलेस वर्ल्ड कप’मुळे. बेघरांसाठीची ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. छोटं मैदान, एका बाजूला गोलरक्षकासह चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. इथे पात्रतेसाठी कॉलेजचा दाखला लागत नाही. कॉलेजच्या स्पर्धेत जी वंचना आड येते, तीच इथे प्रवेशाची अट ठरते. नागपूरच्या वस्त्यांतली मुलं भारताकडून या स्पर्धेत खेळली. २०१६ मध्ये ‘स्लम सॉकर’ला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) मध्ये अमिताभ बच्चन यांनी रंगवलेले विजय बोराडे बारसे यांच्यावरूनच घेतलेले.

चित्रपटामुळे ही एका भल्या माणसाची गोष्ट झाली. मला त्यात व्यवस्थेची उणीव अधिक दिसते. प्रशिक्षकाचं शिक्षण, अनुभव, शिस्त तीच होती. नोकरीच्या चौकटीत ती प्रवेश घेतलेल्यांनाच मिळत होती. बाकीच्यांपर्यंत ती पोचवायला एका शिक्षकाला स्वतःच्या म्हातारपणाची पुंजी मोडावी लागली. असं दर तालुक्यात कोण करणार? कॉलेजांची मैदानं संध्याकाळी गावातल्या पोरांना खुली झाली, आणि त्यांना शिकवणं हा क्रीडाशिक्षकाच्या कामाचाच भाग मानला गेला, तर दुसऱ्या बारशांना घरचे पैसे घालावे लागणार नाहीत.

रिठदच्या वावरातलं मैदान हरभरा पेरेपर्यंतच टिकतं. यंदाही पोरांनी दोन दगड ठेवून गोल केला आहे. त्यांतला कोण कॉलेजात आहे, हे मी विचारलं नाही.