रामनगरी वांग्याचं बी घरी कसं धरावं

काशीच्या पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गंगेपलीकडचं रामनगर भरताच्या थोराड वांग्यांसाठी प्रसिद्ध; तिथल्या भंट्याला, म्हणजे याच वांग्याला, २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं गावरान वाण या घरांच्या गच्चीवरच्या मोठ्या कुंडीतही टिकवता येतं.

वांग्यात बहुतांशी स्वपरागीभवन होतं, तरी मधमाश्यांमुळे संकर होतोच. म्हणून निरोगी झाडाच्या कळीवर उमलण्याआधीच मलमलीची पिशवी बांधा. फळ धरलं की ती काढून देठाला खुणेचा दोरा बांधा. बियाण्याचं वांगं भाजीसाठी तोडू नका; पिवळं पडेपर्यंत झाडावरच राहू द्या. मग गर पाण्यात कुस्करा: भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं. तळाचं बी सावलीत खडखडीत वाळवून राखेत ठेवा. थोडं शेजारी जरूर द्या. वाण अनेक घरांत असलं तरच जगतं.