गुणी माणसे का टिकतात?

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस बोगादी हे उपनगर आहे. तेथून जवळच कावेरी नदीवर कृष्णराजसागर हे विशाल धरण आहे. त्याच्या उभारणीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मात्र आपल्या सेवेची पहिली चोवीस वर्षे मुंबई सरकारच्या नोकरीत होते. मग त्या सरकारने हा गुणी अभियंता का गमावला?

म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकून विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे, पुणे या भागांत त्यांनी काम केले. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले. त्यांना बढत्याही मिळाल्या. परंतु मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी व्यवहारतः युरोपीय अधिकाऱ्यांसाठीच राखलेले असे. पुढची वाट बंद आहे हे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली.

पुढच्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंतापद देऊ केले. विश्वेश्वरय्यांनी लगेच होकार दिला नाही. तांत्रिक शिक्षण आणि उद्योगधंदे यांच्या वाढीसाठी काम करण्याची संधी मिळेल काय, हे त्यांनी आधी विचारून घेतले. महाराजांनी ते मान्य केले. १९११ मध्ये धरणाचे काम सुरू झाले. १९१२ मध्ये ते दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९१३ मध्ये म्हैसूर बँक आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले.

या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वेतन आवश्यक असते. पण गुणी माणूस केवळ वेतनासाठी टिकत नाही. आपले कौशल्य वाढावे, जबाबदारी मिळावी, उद्याचे स्थान आजच्यापेक्षा वरचे असावे, अशी त्याची आकांक्षा असते. तिला वाव देणे हे मालकाच्याही हिताचे असते.

हे तत्त्व लहान व्यवसायालाही लागू पडते. शिवणाच्या दुकानात काजे-बटणे करणाऱ्या मुलीला कापड बेतणे शिकायचे असेल, तर तिला आठवड्यातून काही तास शिकू द्यावे. गॅरेजमधील मदतनिसाला परीक्षा द्यायची असेल, तर त्याला रजा द्यावी. बढतीचे निकष सर्वांना आधीच सांगावेत.

‘शिकून तो निघून गेला तर?’ अशी शंका काही मालक घेतात. ती अगदीच निराधार नाही. काहीजण जातातही, स्वतः विश्वेश्वरय्यांनी मतभेदांमुळे १९१८ मध्ये दिवाणपद सोडले. परंतु त्यांनी केलेले काम म्हैसुरातच राहिले. उलट, ज्याला शिकू दिले जात नाही तो मनाने आधीच निघून गेलेला असतो; शरीराने तेवढा कामावर येतो.

कामगारानेही आपली इच्छा मनातच ठेवू नये. आपल्याला काय शिकायचे आहे, हे त्याने नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. विश्वेश्वरय्यांनी नोकरी स्वीकारण्यापूर्वी तेच केले होते. तुम्ही जेथे काम करता, तेथे पुढे जाण्याची वाट कोणती आहे? ती दिसत नसेल, तर विचारण्यास संकोच करू नका.