लॉ फर्ममध्ये टीम बदलताना

मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये नव्या वकिलाला कुठली टीम मिळते, हे बहुधा त्याच्या आवडीवर नव्हे, त्या वर्षी माणूस कुठे कमी होता यावर ठरतं. त्यामुळे वर्षभरात ‘आपलं काम हे नव्हे’ असं वाटू लागणं अजिबात नवलाचं नाही.

सनद आड येत नाही

1961च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली मिळणारी सनद एकच असते. करांसाठी वेगळी, फौजदारीसाठी वेगळी असं नाही. पेटंट एजंट म्हणून नोंदणी करायची तर मात्र विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. आणि फर्म सोडून एखाद्या कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली थांबवावी लागते.

मग अडतं कुठे?

पैशात. अशिलाला तासांचं बिल जातं आणि दर ज्येष्ठतेनुसार चढतो. पाचव्या वर्षाचा असोसिएट नव्या टीममध्ये आला की त्याचा दर पाचव्या वर्षाचा, काम मात्र पहिल्या वर्षाचं. त्याला शिकायला लागणारे तास अशील देत नाही. पार्टनरलाच ते बिलातून वगळावे लागतात. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं सोयीची. तेव्हा सगळेच शिकत असतात.

जवळची उडी, लांबची उडी

कॉर्पोरेटमधून कोर्टाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी मला सर्वांत सोयीची वाट दिसते ती दिवाळखोरी कायद्याची. 2016च्या या संहितेत दोन्ही जगं एकत्र येतात. बुडीत कंपनी घेऊ पाहणाऱ्याची योजना हा मुळात एक मोठा व्यवहारच असतो: भागभांडवल, कर्जाची फेरमांडणी, अटी-शर्ती. ती करारांत मुरलेल्या माणसाला पटकन वाचता येते. पण तीच योजना एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, मंजूर करून घ्यावी लागते, आणि ‘हा बोलीदार कलम 29एखाली अपात्र आहे’ असा अर्ज कुणीतरी करतोच. शिवाय मुदतीची टांगती तलवार: 180 दिवस, वाढवून 270, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर कोर्टकज्ज्यांसकट 330. प्रत्यक्षात प्रकरणं त्यापलीकडेही रेंगाळतात, हे अलाहिदा.

मालमत्तेच्या कामातून, म्हणजे तीस वर्षांचा टायटल सर्च, सातबारा, इंडेक्स टू यांतून, महारेराच्या तक्रारींकडे जाणंही असंच सोपं. विलीनीकरणातून थेट फौजदारीत जाणं मात्र कठीण. कॉर्पोरेट कामावर चालणाऱ्या फर्ममध्ये ते शिकायला मिळतच नाही; त्यासाठी सरळ एखाद्या फौजदारी वकिलाच्या चेंबरमध्ये जावं.

विचारायचं कसं?

आधी त्या टीमचं फुटकळ काम मागून घ्या. एखादी रिसर्च नोट, एखाद्या तारखेला हजेरी. कोर्टाचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लांबलचक असतं, दिवसभर बसून मॅटर पुकारलंच जात नाही, आणि मग संध्याकाळी ऑफिसात परतून ड्राफ्टिंगला बसायचं. हे झेपतं का, ते तिथेच कळेल. याबद्दल पार्टनरपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या असोसिएटला विचारा. तो खरं सांगतो.

सध्याच्या पार्टनरला ही गोष्ट तुमच्याच तोंडून कळू द्या, कँटीनमधून नको. चालू व्यवहार संपत आल्यावर बोललात तर त्याचा रागही कमी. नव्या टीमने ‘एक वर्ष मागे या’ म्हटलं, तर पगार मागे जाणार, बढती मागे जाणार की दोन्ही, हे ई-मेलवर लिहून घ्या.